कर्नलच्या हिशेबातला वेग आणि प्रोसेसरचा खरा वेग

कामाच्या मागणीप्रमाणे प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणे ही आज संगणक, मोबाइल आणि घरातला राउटर या सगळ्यांचीच गरज आहे. लिनक्स कर्नलमध्ये हे काम 'सीपीयूफ्रीक' ही उपप्रणाली करते. तिचे तीन थर आहेत. पहिला थर गाभ्याचा. सर्व प्रोसेसरांना लागू पडणारे नियम तो सांभाळतो. दुसरा गव्हर्नरचा, प्रोसेसरवर किती भार आहे हे पाहून कोणता वेग हवा ते तो ठरवतो. २००४ साली आलेला 'ऑनडिमांड' आणि २०१६ साली आलेला 'स्केड्युटिल' हे त्यातले परिचित गव्हर्नर. तिसरा थर ड्रायव्हरचा. गव्हर्नरने मागितलेला वेग चिपमध्ये प्रत्यक्ष उतरवायचा तो ड्रायव्हरने. कोणत्या रजिस्टरमधला कोणता बिट बदलायचा, आधी व्होल्टेज बदलायचे की क्लॉक, दोन बदलांमध्ये किती थांबायचे, हे सगळे त्यालाच माहीत असावे लागते.

असा ड्रायव्हर बहुधा काहीशे ओळींचाच असतो. तरीही त्यातली चूक शोधणे हे कर्नलमधल्या अवघड कामांपैकी एक मानले पाहिजे. ज्या प्रोसेसरच्या वेगाबद्दल शंका आहे, त्याच प्रोसेसरवर शंका तपासणारा प्रोग्रामही चालत असतो. शिवाय चूक घडते त्या क्षणी अनेकदा सगळे यंत्र जागच्या जागी थांबते आणि काय झाले हे सांगणारी एक ओळही पडद्यावर उमटत नाही. मार्व्हेल कंपनीच्या आर्मडा ३७०० मालिकेतल्या चिपसाठी असलेल्या ड्रायव्हरची २०२१ साली झालेली दुरुस्ती हे या कामाचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. मारेक बेहून आणि पाली रोहार या अभियंत्यांनी केलेल्या या दुरुस्तीत प्रत्येक पॅचसोबत काय दिसले, काय करून पाहिले आणि काय उलगडले नाही, हे लिहून ठेवलेले आहे. त्यामुळे तो अनुभव टप्प्याटप्प्याने समजून घेता येतो.

वेग आणि व्होल्टेज

वेग कमी करण्यामागचे गणित साधे आहे. प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते ती तीन गोष्टींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते: परिपथाची धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि क्लॉकची वारंवारता. नुसती वारंवारता निम्मी केली तर हा खर्च निम्मा होतो. पण वारंवारता कमी झाली की कमी व्होल्टेजही पुरते, आणि व्होल्टेजचा वर्ग होत असल्यामुळे खरी बचत तिथे होते. वारंवारता निम्मी करून व्होल्टेज १.२ वरून १ व्होल्टवर आणले, तर खर्च मूळच्या साधारण ३५ टक्क्यांवर येतो.

याच नात्यातून धोकाही येतो. व्होल्टेज कमी असले की ट्रान्झिस्टर सावकाश उघडमीट करतात आणि परिपथाच्या एका टोकाचा संकेत दुसऱ्या टोकाला पोचायला जास्त वेळ लागतो. तो पोचण्याआधीच क्लॉकचा पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तरच खरे म्हणून साठवले जाते. म्हणून वेग वाढवताना आधी व्होल्टेज वाढवायचे, ते स्थिर होऊ द्यायचे आणि मग क्लॉक वाढवायचे. वेग कमी करताना आधी क्लॉक उतरवायचे आणि मग व्होल्टेज. हा क्रम प्रत्येक ड्रायव्हरच्या मुळाशी आहे. क्रम चुकला किंवा मधली उसंत अपुरी पडली, तर प्रोसेसर काही क्षण अशा अवस्थेत चालतो जिथे त्याच्या कोणत्याच उत्तराची हमी देता येत नाही.

या चुकीची शिक्षा लगेच मिळतेच असे नाही. एकाच साच्यातल्या दोन चिपांमध्येही थोडा फरक असतो, तापमानाप्रमाणे वागणे बदलते, आणि त्या क्षणी कोणता प्रोग्राम चालू आहे यावरही बरेच अवलंबून असते. एका बोर्डवर दिवसेंदिवस बिनबोभाट चाललेला ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डवर काही मिनिटांत बंद पडू शकतो. त्यामुळे 'माझ्याकडे चालते' हे वाक्य या क्षेत्रात फारसे उपयोगाचे नाही.

चार पातळ्या आणि सोळा बिट

आर्मडा ३७२० ही दोन कॉर्टेक्स-ए५३ कोअर असलेली चिप आहे. 'एस्प्रेसोबिन' हा छोटा बोर्ड आणि चेक प्रजासत्ताकात तयार झालेला 'टुरिस मॉक्स' हा राउटर तिच्यावर चालतात. तिच्यात वेगाच्या चार पातळ्या ठरवून ठेवता येतात. त्यांना एल-० ते एल-३ म्हणतात. मूळ वेग १००० मेगाहर्ट्झ असलेल्या चिपमध्ये एल-० म्हणजे पूर्ण १०००, एल-१ म्हणजे त्याचा निम्मा ५००, एल-२ म्हणजे चौथा हिस्सा २५० आणि एल-३ म्हणजे पाचवा हिस्सा २०० मेगाहर्ट्झ.

या चार पातळ्यांची माहिती दोन रजिस्टरांमध्ये साठवलेली असते. प्रत्येक रजिस्टर ३२ बिटांचे, म्हणजे प्रत्येक पातळीच्या वाट्याला १६ बिट. त्यातले तीन बिट मूळ क्लॉकला कितीने भागायचे ते सांगतात, एक बिट क्लॉक कोणत्या प्रकारच्या स्रोताकडून घ्यायचे ते सांगतो, दोन बिट व्होल्टेजची पातळी निवडतात. आणखी दोन बिट चिपमधल्या चार 'टाइम बेस जनरेटर' आउटपुटांपैकी कोणते वापरायचे ते ठरवतात. हे चार स्रोत टीबीजी या नावाने ओळखले जातात आणि ते वेगवेगळ्या वारंवारतांवर चालू शकतात. पहिल्याचे नाव टीबीजी-ए-पी. त्याचा क्रमांक शून्य.

यंत्र सुरू होते तेव्हा फर्मवेअरने सीपीयूसाठी योग्य टीबीजी आधीच निवडलेला असतो आणि ती निवड एका वेगळ्याच रजिस्टरमध्ये असते. ड्रायव्हरने पातळ्यांची यंत्रणा चालू केली की चिप ते जुने रजिस्टर बाजूला ठेवून पातळ्यांच्या रजिस्टरांप्रमाणे चालू लागते. म्हणजे फर्मवेअरची निवड चारही पातळ्यांच्या त्या दोन-दोन बिटांमध्ये उतरवून घेणे ही ड्रायव्हरची जबाबदारी ठरते. पहिला दोष नेमका इथे होता.

मोजल्याशिवाय न दिसणारा दोष

हा ड्रायव्हर २०१८ साली कर्नलच्या ४.१६ आवृत्तीत आला. तो लोड होताना कोणतीही तक्रार करत नव्हता. वेग बदलण्याच्या आज्ञा तो स्वीकारत होता आणि सिस्टिम फाइलींमध्ये चारही पातळ्या व्यवस्थित दाखवत होता. दोष उघडकीला आला तो फक्त एका स्वतंत्र मोजमापामुळे.

फ्रेंच अभियंता विली तारो यांनी लिहिलेला 'एमएचझेड' नावाचा छोटा प्रोग्राम त्यासाठी वापरला गेला. त्याची रीत थोडक्यात अशी. एकमेकांवर अवलंबून असलेल्या, म्हणजे आधीचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढची सुरू न होणाऱ्या सूचनांची साखळी चालवायची. अशा साखळीत प्रोसेसर घाई करू शकत नाही. दर ठोक्याला एक पायरी पुढे सरकते. एक लहान आणि एक मोठी अशी दोन आवर्तने चालवून त्यांना लागलेल्या वेळांतला फरक घेतला की आवर्तन चालवण्याचा वरखर्च वजा होतो आणि सेकंदाला किती ठोके पडले ते कळते. हा वेळ मोजणारा आर्म प्रोसेसरमधला टायमर सीपीयूच्या क्लॉकवर अवलंबून नसतो, त्यामुळे वेग बदलला तरी मोजपट्टी तीच राहते. कर्नलला काय वाटते याच्याशी या मोजमापाचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच त्याची किंमत मोठी आहे.

प्रयोग दोन आज्ञांचा होता. सीपीयूफ्रीकच्या फोल्डरमध्ये जाऊन आधी 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर निवडायचा, म्हणजे प्रोसेसर सर्वांत खालच्या पातळीवर जातो. लगेच 'परफॉर्मन्स' निवडायचा, म्हणजे तो सर्वांत वरच्या पातळीवर येतो. ड्रायव्हर लोड होण्यापूर्वी मोजलेला वेग १००० मेगाहर्ट्झ होता. या दोन आज्ञा दिल्यानंतर मोजलेला वेग ८०० मेगाहर्ट्झ निघाला. एस्प्रेसोबिन आणि टुरिस मॉक्स या दोन्ही ठिकाणी हेच दिसले. प्रोसेसर एकदा खाली जाऊन वर आला की त्याचा पाचवा हिस्सा वेग हरवत होता. आणि बाकीच्या पातळ्या त्याच मूळ वेगाला भागून मिळत असल्यामुळे त्याही तितक्याच प्रमाणात खाली येत होत्या.

दुकानदाराच्या रोजमेळातली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तशाच कर्नलने नोंदवलेला वेग आणि प्रोसेसरचा वेग याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टिम फाइलीत दिसणारा आकडा बहुतेक वेळा हिशेबाचा असतो: अमुक स्रोत, त्याची अमुक वारंवारता, त्याला अमुकने भागले, म्हणून इतके. स्रोतच चुकीचा धरला असेल तर पुढची सगळी आकडेमोड बिनचूक होऊनही उत्तर खोटे येते. वेगाच्या ड्रायव्हरवर काम करणारा माणूस यातून पहिली सवय लावून घेतो ती अशी, की ज्या यंत्रणेबद्दल संशय आहे तिच्याच तोंडून तिची साक्ष घ्यायची नाही.

न चालणारी ओळ

८०० हा आकडाच दिशा दाखवणारा होता. चिपमधला टीबीजी-ए-पी हा स्रोत या बोर्डांवर त्याच वारंवारतेवर होता. म्हणजे ड्रायव्हरने पातळ्यांची यंत्रणा चालू केल्यावर ते दोन बिट शून्यच राहत होते आणि चिप निमूटपणे शून्य क्रमांकाचा स्रोत घेत होती. पण ड्रायव्हरमध्ये तर स्रोत लिहिण्याची सोय केलेली दिसत होती. पातळ्यांची मांडणी करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी दोन ओळी होत्या. पहिलीत सीपीयूच्या क्लॉकचा सध्याचा पालक, म्हणजे स्रोत, विचारून घेतलेला होता. दुसरीत तोच पालक पुन्हा नेमलेला होता. हेतू स्पष्ट होता: नेमणुकीची आज्ञा गेली की क्लॉक ड्रायव्हरमधले संबंधित फंक्शन चालेल आणि ते चारही पातळ्यांच्या बिटांमध्ये योग्य क्रमांक लिहील. ते फंक्शनही बरोबर लिहिलेले होते.

मधला दुवा मात्र तुटलेला होता. कर्नलमध्ये क्लॉकचा सगळा कारभार 'कॉमन क्लॉक फ्रेमवर्क' पाहते. ते २०१२ साली कर्नलच्या ३.४ आवृत्तीत आले. पालक बदलण्याची आज्ञा आली की ते आधी पाहते, की मागितलेला पालक आणि सध्याचा पालक एकच आहेत का. एकच असतील तर करण्यासारखे काही नाही असे समजून ते यशाचे उत्तर देऊन परत फिरते. हार्डवेअरला हात लावणारे फंक्शन बोलावलेच जात नाही. सामान्य परिस्थितीत ही तपासणी अगदी योग्य आहे. तिच्यामुळे विनाकारण होणारे रजिस्टर-लेखन वाचते. पण इथे 'आहे तोच पालक पुन्हा लिही' हीच खरी मागणी होती, कारण तो पालक एका रजिस्टरमध्ये होता आणि दुसऱ्यात नव्हता. फ्रेमवर्कला दोन रजिस्टरांतला हा भेद माहीत असण्याचे कारण नव्हते.

ड्रायव्हर फ्रेमवर्कनंतर काही वर्षांनी लिहिला गेला, म्हणजे त्या ओळीने पहिल्या दिवसापासून काहीच काम केलेले नव्हते. वाचणाऱ्याला ती बरोबर दिसत होती, कंपायलरला ती मान्य होती आणि चालवल्यावर ती यशच कळवत होती. अशा चुका वाचून सापडणे दुर्मीळ असते. वाचणाऱ्याच्या मनात लिहिणाऱ्याचाच हेतू उमटतो आणि डोळे पुढे सरकतात. अशा वेळी ओळीचा अर्थ लावण्यापेक्षा रजिस्टरमधला आकडा आधी आणि नंतर वाचून तो बदलला का हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

दुरुस्तीसाठी फ्रेमवर्कचा वळसा सोडून द्यावा लागला. ड्रायव्हर आता फर्मवेअरच्या निवडीचे रजिस्टर स्वतः वाचतो, त्यातून सीपीयूच्या टीबीजीचा क्रमांक काढतो आणि पातळ्यांचे भाजक व व्होल्टेज लिहिताना त्याच वेळी हा क्रमांकही लिहितो. सोबतच्या दुसऱ्या पॅचने क्लॉक ड्रायव्हरमधले ते कधीच न बोलावले गेलेले फंक्शन काढून टाकले. हे दुसरे पाऊल महत्त्वाचे आहे. निरुपयोगी ठरलेला कोड तसाच राहिला, तर पुढचा वाचक पुन्हा त्याच्यावर विसंबतो.

खरा वेग मिळाल्यावर

एवढ्यावर काम संपले नाही. १००० मेगाहर्ट्झ हा वेग खरोखर मिळू लागला, की त्या वेगावर जाण्यातल्या अडचणींना सामोरे जाणे आलेच. २५० मेगाहर्ट्झवरून थेट १००० वर उडी घेतली तर प्रोसेसर बंद पडत होता. मूळ वेग ८०० असताना मात्र एल-२ वरून एल-० वर जाताना असे बंद पडणे दिसलेले नव्हते. कमी वेगामुळे जी चूक निभावून जाते ती पूर्ण वेगावर निभावत नाही, हे इथे स्पष्ट दिसते. म्हणून अशा दुरुस्तीत पहिला दोष निघाला की लगेच समाधान मानता येत नाही.

याचा एक उपाय कर्नलमध्ये २०१८ पासून होता, पण तो १२०० मेगाहर्ट्झच्या चिपपुरताच होता. एल-२ किंवा एल-३ वरून एल-० वर जाताना व्होल्टेज स्थिर व्हायला इतका वेळ लागतो, की चिपमधल्या हार्डवेअर काउंटरमध्ये तो मावत नाही. म्हणून ड्रायव्हर थेट उडी न घेता आधी एल-१ वर जातो, तिथे २० मिलिसेकंद थांबतो आणि मग एल-० वर जातो. १००० मेगाहर्ट्झच्या चिपलाही हीच पायरी लागते असे निरीक्षणातून ठरल्यावर तो उपाय तिच्यासाठीही लागू केला गेला.

तरीही यंत्र अधूनमधून थांबतच होते, आणि ऑनडिमांड गव्हर्नर चालू असताना विशेष वारंवार. याचे कारण या सगळ्या प्रकरणातले सर्वांत बारीक आहे. थांबण्याचा नियम 'सध्या एल-२ किंवा एल-३ वर असाल तर' असा लिहिलेला होता. समजा प्रोसेसर २५० वर आहे. गव्हर्नरने ५०० मागितले. ड्रायव्हरने एल-१ दिला. लगेच, २० मिलिसेकंद पुरे होण्याच्या आत, गव्हर्नरने १००० मागितले. ड्रायव्हरने पाहिले तर सध्याची पातळी एल-१. नियमाप्रमाणे थांबायची गरज नाही. त्याने थेट एल-० दिला. नियम अक्षरशः पाळला गेला आणि त्यामागचे कारण मात्र मोडले गेले. उत्पादकाच्या इराटामध्ये, म्हणजे चिपच्या ज्ञात दोषांच्या यादीत, अट होती ती एल-१ वर किमान २० मिलिसेकंद काढण्याची; तिथे कसे पोचलात याच्याशी तिचा संबंध नव्हता.

दुरुस्तीत ड्रायव्हरने एल-१ वर पाऊल ठेवल्याची वेळ लक्षात ठेवायला सुरुवात केली. एल-० ची मागणी आली की तो घड्याळ पाहतो. मुदत उलटून गेली असेल तर पुढे जातो, नसेल तर एल-१ वर पूर्ण २० मिलिसेकंद थांबतो. आधीचा कोड अवस्था पाहून निर्णय घेत होता, नवा कोड अवस्था आणि तिचे वय दोन्ही पाहून घेतो. विजेच्या भौतिक गुणधर्मांशी बांधलेल्या कोडमध्ये हा धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागतो: 'कुठे आहे' याइतकेच 'किती वेळ आहे' यालाही महत्त्व असते.

तिसरी अडचण थेट व्होल्टेजची होती. १००० मेगाहर्ट्झच्या चिपसाठी एल-१ चे किमान व्होल्टेज १.०५ व्होल्ट धरलेले होते. ते अपुरे पडत होते आणि एल-१ वरून एल-० वर गेल्यावर थोड्याच वेळात प्रोसेसर अडकून पडत होता. ते किमान मूल्य १.१०८ व्होल्ट करण्यात आले; १२०० मेगाहर्ट्झच्या चिपसाठी १.१५५ व्होल्ट. १.०५ आणि १.१०८ या दोन आकड्यांतला फरक सहा शतांश व्होल्टपेक्षाही कमी आहे. पण यंत्र स्थिर राहते की नाही हे त्यावरच ठरत होते. ही मूल्ये चाचणीत स्थिर ठरली, आणि चिपच्या अधिकृत तांत्रिक पुस्तिकेत सुरुवातीच्या व्होल्टेजची नमुना मूल्ये म्हणूनही तीच दिलेली आहेत. निरीक्षण आणि पुस्तिका एकाच आकड्याकडे बोट दाखवतात तेव्हा त्या आकड्यावर विसंबायला आधार मिळतो.

चाचणीची रीत

निःशब्दपणे बंद पडणाऱ्या यंत्राची चाचणी घेण्याला स्वतःची शिस्त आहे. गव्हर्नर चालू ठेवून यंत्र कधी बंद पडते याची वाट पाहत बसणे हे काम नव्हे. त्यातून 'कधीतरी पडते' याखेरीज काही कळत नाही. त्याऐवजी 'यूजरस्पेस' गव्हर्नर निवडतात. तो स्वतः काहीच ठरवत नाही. आज्ञा देऊ तो वेग लावतो. चार पातळ्यांमध्ये एकीवरून दुसरीवर जाण्याचे १२ मार्ग होतात. प्रत्येक मार्ग वेगळा काढून पुन्हा पुन्हा चालवला, की कोणता मार्ग घातक आहे ते वेगळे पडते. यादृच्छिक वाटणारी तक्रार अशी एका विशिष्ट संक्रमणावर येऊन थांबली, की अर्धे काम झाले असे समजायला हरकत नाही. मात्र नुसते मार्ग तपासून पुरत नाही. दोन संक्रमणांमधले अंतरही बदलून पाहावे लागते. एल-१ वरचा २० मिलिसेकंदांचा दोष सावकाश दिलेल्या आज्ञांमध्ये कधीच दिसला नसता.

बोर्डला जोडलेली सिरियल कन्सोल हा अशा वेळी एकमेव साक्षीदार असतो. चाचणीची स्क्रिप्ट प्रत्येक बदलाच्या आधी 'आता २५० वरून १०००' अशी ओळ छापते. यंत्र थांबले की कन्सोलवरची शेवटची ओळ गुन्ह्याची जागा सांगते. पण ती ओळ बफरमध्ये अडकून न राहता तारेवरून खरोखर बाहेर पडली आहे, याची खात्री करूनच पुढचा बदल करावा लागतो. नाहीतर एक पाऊल मागची ओळ शेवटची दिसते आणि तपास भलत्याच संक्रमणाकडे वळतो. थांबलेला बोर्ड आपोआप पुन्हा सुरू व्हावा म्हणून वॉचडॉग टायमर लावून ठेवतात, म्हणजे रात्रभर चाचणी सुरू राहू शकते. प्रत्येक दुरुस्तीनंतर वेग पुन्हा स्वतंत्रपणे मोजायचा, हा नियम तर पहिल्या दोषानेच घालून दिलेला असतो. आणि चाचणी एकाच बोर्डवर थांबवायची नाही. एस्प्रेसोबिनचे वेगवेगळ्या मूळ वेगांचे प्रकार आणि टुरिस मॉक्स यांच्यावर चालवून पाहिल्यामुळेच १००० आणि १२०० मेगाहर्ट्झच्या चिपांच्या गरजा वेगळ्या आहेत हे ठरवता आले.

याच तपासात ड्रायव्हरच्या कडेकोपऱ्यांतल्या चुकाही सापडतात, कारण चाचणी घेणारा तो शेकडो वेळा काढतो आणि घालतो. प्रोसेसर २५० मेगाहर्ट्झवर असताना ड्रायव्हर लोड केला तर तो 'असमर्थित वेग २५० मेगाहर्ट्झ' अशी तक्रार करून नाकारत होता. चालू वेगालाच तो मूळ वेग समजत होता. एल-० वर असताना दोन्ही सारखे असल्यामुळे ते कधी लक्षात आले नव्हते. नोंदणी फसल्यावर आवराआवर अपुरी राहत होती, मॉड्यूल नीट काढता येत नव्हते. या गोष्टीही त्याच मालिकेत स्वतंत्र पॅच म्हणून दुरुस्त झाल्या. एका पॅचमध्ये एकच बदल ही कर्नलमधली रीत इथे फार उपयोगी पडते: पुढे काही बिघडले तर नेमक्या कोणत्या बदलाने ते शोधता येते आणि बाकीच्यांना धक्का न लावता तेवढा मागे घेता येतो.

पॅचसोबतचा मजकूर

कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवणे म्हणजे दुसऱ्यांना पटवून देणे. सीपीयूफ्रीकचा सांभाळ राफाएल विसोत्स्की आणि वीरेश कुमार यांच्याकडे आहे. क्लॉक फ्रेमवर्कचे मेंटेनर वेगळे. या मालिकेतले काही पॅच एका उपप्रणालीचे, काही दुसरीचे, म्हणून दोन्हीकडची संमती आवश्यक होती. मेंटेनरच्या हाताशी प्रत्येक बोर्ड असणे शक्य नसते. त्याला निर्णय घ्यावा लागतो तो पॅचसोबत लिहिलेल्या मजकुरावरून.

टीबीजीच्या पॅचचा मजकूर या दृष्टीने नमुनेदार आहे. त्यात लक्षण आहे, कोणत्या बोर्डांवर दिसले ते आहे, कोणालाही करून पाहता येतील अशा आज्ञा आहेत, आधीचा आणि नंतरचा आकडा आहे, दोष मुळात कुठून आला त्याचे विवेचन आहे आणि हाच उपाय का निवडला याचे कारण आहे. दोष ज्या जुन्या कमिटमुळे आला त्याची नोंदही असते. तिच्या आधारे दुरुस्ती जुन्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचवली जाते. कोड दहा ओळींचा आणि मजकूर तीस ओळींचा, हे या क्षेत्रात अतिशय स्वाभाविक आहे. कोड यंत्रासाठी असतो. मजकूर पाच वर्षांनी त्याच जागी येऊन उभ्या राहणाऱ्या अभियंत्यासाठी असतो. कित्येक महिन्यांच्या अनुभवातले टिकणारे ते हेच.

मालिका २०२१ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१३ आवृत्तीत सामील झाली. १००० मेगाहर्ट्झचे एस्प्रेसोबिन आणि टुरिस मॉक्स स्थिर झाले.

जिथे कारण सापडत नाही

१२०० मेगाहर्ट्झच्या चिपचे मात्र सगळे सुटले नाही. वेग न बदलता ती उत्तम चालत होती. फर्मवेअरने लावलेले क्लॉक आणि व्होल्टेज त्या स्थिर वेगासाठी योग्य होते. ड्रायव्हरने वेग बदलायला सुरुवात केली, की केव्हातरी, कसलाही ठरावीक क्रम नसताना, ती बंद पडे. २०२१ च्याच उत्तरार्धात या चिपवर ड्रायव्हर चालूच होऊ नये असा बदल स्वीकारला गेला. सोबतच्या मजकुरात शक्यता मांडलेल्या होत्या: चिपमध्ये कायमचे कोरलेले एल-० चे व्होल्टेज वेग बदलताना अपुरे पडत असेल, कुठेतरी आणखी थांबण्याची गरज असेल, किंवा वेगळेच काही असेल, कारण आज ठाऊक नाही, म्हणून सर्वांत शहाणपणाचा मार्ग हाच.

हा निर्णय माघारीचा वाटेल, पण तो दुरुस्तीचाच भाग आहे. वेग न बदलणारा राउटर थोडी जास्त वीज खातो. अचानक बंद पडणारा राउटर घरातल्या सगळ्यांचे जोडणीचे साधन काढून घेतो. अंदाजाने व्होल्टेज वाढवत राहिले असते तर कदाचित लक्षणे दबली असती, पण मूळ कारण झाकले गेले असते, आणि झाकलेला दोष किती काळ टिकतो हे पहिल्याच दोषाने दाखवले होते. काही वर्षांनी पुढच्या चाचण्यांत या अस्थिरतेचे मूळ बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नलआधी चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये, असल्याचे दिसून आले. उत्पादकाने बूटलोडरमध्ये सुधारणा केल्यावर १२०० मेगाहर्ट्झची पातळी कर्नलमध्ये पुन्हा खुली करण्यात आली. कारण ड्रायव्हरच्या बाहेर होते. ड्रायव्हरमध्ये कितीही थांबे आणि व्होल्टेज घातले असते तरी ते तिथे सापडले नसते.

वेग बदलणाऱ्या ड्रायव्हरची दुरुस्ती म्हणजे कर्नलची नोंद आणि सिलिकॉनमधली स्थिती यांचा मेळ घालणे. तो मेळ स्रोताच्या निवडीत बिघडू शकतो, व्होल्टेजच्या एका मूल्यात बिघडू शकतो, दोन आज्ञांमधल्या काही मिलिसेकंदांत बिघडू शकतो, आणि कर्नल सुरू होण्याआधी चाललेल्या फर्मवेअरमध्येही बिघडू शकतो. या चारही ठिकाणी उपयोगी पडणारी साधने तीच आहेत: कर्नलपासून स्वतंत्र मोजमाप, एका वेळी एक संक्रमण, एका पॅचमध्ये एक बदल, आणि जे कळले व जे कळले नाही त्या दोन्हींची स्वच्छ नोंद.